वजन जास्त, फॅटी लिव्हर निघालंय, मग लिव्हरचा कॅन्सर होणार का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. वय ४१, उंची १७३ सेंटिमीटर, वजन ९६ किलो. हेल्थ चेकअपच्या सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी ६८, एसजीओटी ५२, प्लेटलेट्स २ लाख १० हजार, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ६.१. शनिवार-रविवार मिळून दोन-तीन पेग. आणि काका, ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, डायबेटिस मात्र वीसेक वर्षं होता, ते लिव्हरच्या कॅन्सरने गेले. तेव्हापासून तुमच्या डोक्यात तीन प्रश्न घोळतायत, लठ्ठपणाने लिव्हरचा कॅन्सर होतो हे खरं का, मला होणार का, आणि वजन उतरवलं तर धोका शून्य होतो का.

मी बरीच वर्षं फक्त लिव्हरचेच पेशंट बघतेय आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा समोर येतो. थोडक्यात उत्तर देऊन तुम्हाला झोप लागणार नाही हे मला माहितीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, संबंध खरा आहे, पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, आयएआरसी, त्यांनी २०१६ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास तपासून सांगितलं की शरीरातली जास्तीची चरबी १३ प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढवते आणि त्यात लिव्हर आहे. सर्वात जास्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) असलेल्यांमध्ये लिव्हरच्या कॅन्सरचा धोका साधारण १.८ पट त्यांनी धरला. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतला नऊ लाखांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात बीएमआय ३५ च्या वर असलेल्या पुरुषांमध्ये लिव्हरच्या कॅन्सरने होणारे मृत्यू नॉर्मल वजनाच्या पुरुषांच्या साडेचार पट होते. ३० ते ३५ या गटात, म्हणजे तुमच्या गटात, कारण तुमचा बीएमआय ३२ येतो, तो आकडा जवळपास दुप्पट होता. बायकांमध्येही वाढ दिसली पण पुरुषांइतकी नाही.

आता हे "दुप्पट", "साडेचार पट" वाचून माणूस हादरतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? मूळ धोकाच अगदी बारीक असेल तर त्याची दुप्पटही बारीकच राहते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांमधून २०१८ मध्ये एक अभ्यास आला, जवळपास तीन लाख फॅटी लिव्हरचे पेशंट आणि तेवढेच फॅटी लिव्हर नसलेले. फॅटी लिव्हरवाल्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या सातपटीहून जास्त निघालं. ऐकायला भयंकर आहे ना? पण प्रत्यक्ष आकडा होता वर्षाला हजारात ०.२१, म्हणजे दहा हजार फॅटी लिव्हरवाले वर्षभर बघितले तर त्यातल्या साधारण दोघांना. आणि याच अभ्यासात ज्यांना फॅटी लिव्हरसोबत सिऱ्हॉसिस होता, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालं होतं, त्यांचा आकडा हजारात दहाच्या वर गेला. दहा हजारात दोन एकीकडे आणि हजारात दहा दुसरीकडे. दोघांच्याही रिपोर्टवर "फॅटी लिव्हर" हेच दोन शब्द लिहिलेले असतात.

म्हणून तुमचा खरा प्रश्न "माझं वजन किती" हा नाही आणि "माझं फॅटी लिव्हर कितव्या ग्रेडचं" हा तर नाहीच नाही. खरा प्रश्न आहे, तुमच्या लिव्हरमध्ये आत्तापर्यंत फायब्रोसिस किती झालाय. फायब्रोसिस म्हणजे लिव्हरमध्ये जखमेच्या व्रणासारखे कडक तंतू साचत जाणं. त्याच्या ० ते ४ अशा पायऱ्या धरतात आणि चौथी पायरी म्हणजे सिऱ्हॉसिस. मी पेशंटकडे बघते तेव्हा सगळ्यात आधी हाच अंदाज घेते, बाकी सगळं नंतर.

चरबीतून कॅन्सरपर्यंत गोष्ट जाते कशी ते समजलं तर भीती आपोआप योग्य जागी जाऊन बसते. पोटाच्या आतल्या बाजूला, आतड्यांभोवती जी चरबी असते ती मांडीवरच्या चरबीसारखी गप्प बसत नाही. तिच्यातून फॅटी ॲसिड सतत सुटत राहतात आणि आतड्याकडून येणारी मोठी शीर त्यातलं बरंचसं थेट लिव्हरमध्ये आणून सोडते. सोबतीला इन्सुलिन नीट काम करत नसतं, त्यामुळे लिव्हर स्वतःही साखरेतून चरबी बनवत राहतं. पेशींना ही चरबी झेपेनाशी झाली की त्या फुगतात, आत ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, काही पेशी मरतात, सूज येते. लिव्हरची खासियत अशी की ते मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी बनवतं. एरवी हा गुण फार मोलाचा, पण हेच वर्षानुवर्षं मरणं-बनणं चालू राहिलं तर प्रत्येक नवी पेशी बनताना डीएनएची नक्कल करावी लागते आणि प्रत्येक नकलेत चूक व्हायची एक संधी असते. त्यात रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन पेशींना "वाढा, वाढा" असा सिग्नल देतच असतं, आणि सूज वाढवणारे टीएनएफ, आयएल-६ सारखे पदार्थ बिघडलेल्या पेशींना जगायला मदत करतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांमध्ये २०१० मध्ये छान दाखवलं गेलंय. आतड्यातले बॅक्टेरियाही यात हात घालतात, लठ्ठ उंदरांमध्ये ते डीऑक्सिकोलिक ॲसिड नावाचा एक पदार्थ जास्त बनवतात आणि तो लिव्हरपर्यंत पोचून कॅन्सरला पोषक वातावरण तयार करतो, हे २०१३ मधलं काम. या सगळ्यासोबत तंतू साचत जातात आणि त्या तंतूंच्या मध्ये अडकलेल्या गाठी-गाठींमध्ये पुढे कॅन्सर उगवतो.

बहुतेकांमध्ये हे फार सावकाश चालतं. दोनदा बायोप्सी झालेल्या पेशंटचे अभ्यास एकत्र केले तर नुसतं फॅटी लिव्हर असेल तेव्हा फायब्रोसिसची एक पायरी चढायला सरासरी १४ वर्षं लागतात, सूज असेल तर सरासरी ७. काहीजण यापेक्षा खूप भरभर चढतात, काहीजण आयुष्यभर पहिल्या पायरीवरच राहतात. म्हणजे बहुतेकांकडे वेळ असतो, तुमच्याकडेही असण्याची शक्यता चांगली आहे, फक्त आपण नक्की कुठल्या पायरीवर उभे आहोत हे माहीत पाहिजे.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. फॅटी लिव्हरमध्ये थोड्या लोकांना सिऱ्हॉसिस नसतानाही कॅन्सर होतो. वर सांगितलेल्या अभ्यासात कॅन्सर झालेल्यांपैकी साधारण वीस टक्के असे होते. म्हणून "सिऱ्हॉसिस नाही म्हणजे अजिबात धोका नाही" असं मी कुणाला सांगत नाही. पण सिऱ्हॉसिस नसलेल्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की त्यातल्या एकेकाचा धोका शेवटी खूपच कमी भरतो.

आता तुमचे रिपोर्ट. सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे लिव्हर पडद्यावर किती पांढरं, चकचकीत दिसतंय याचा बघणाऱ्याने केलेला अंदाज. ती चरबीबद्दल सांगते, तंतूंबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. शिवाय दोन वेगळ्या ठिकाणी केली तर ग्रेड १ ची २ आणि २ ची १ सहज होते. एसजीपीटीचंही तसंच, वाढलेलं असेल तर कुठेतरी पेशी दुखावल्या जातायत एवढं कळतं, पण नॉर्मल असेल तर सगळं ठीक असा अर्थ निघत नाही.

हे किती फसवं असू शकतं त्याचं एक उदाहरण सांगते. ५८ वर्षांचे एक गृहस्थ, डायबेटिस बरीच वर्षं, पोट सुटलेलं, मुलगी फाइल घेऊन सोबत आलेली. घरातले सगळे खुशीत होते कारण आदल्या वर्षी ग्रेड २ होतं ते आता ग्रेड १ झालं होतं आणि एसजीपीटी ३४, म्हणजे एकदम नॉर्मल. मला पोटदुखीसाठी दाखवायला आले होते, लिव्हरचा विषयच नव्हता. फाइल चाळताना हिमोग्रामच्या पानावर खाली प्लेटलेट्स दिसल्या, १ लाख १८ हजार, शेजारी लॅबने छापलेला छोटासा स्टार, आणि मागच्या तीन वर्षांचे कागद उलटे चाळत गेले तर दर वर्षी थोड्या थोड्या उतरत आलेल्या. एसजीओटी ४९. तिथेच कागदावर हिशोब मांडला तर फिब-४, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा, आला ४.१, खूपच जास्त. फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय हे बाहेरून मोजणारी तपासणी, केला, २४ किलोपास्कल. पुन्हा नीट केलेल्या सोनोग्राफीत लिव्हरची कड खडबडीत, प्लीहा वाढलेली, प्लेटलेट्स त्यामुळेच उतरत होत्या. सिऱ्हॉसिस होता. ग्रेड कमी झाली होती कारण सिऱ्हॉसिस पुढे सरकतो तशी लिव्हरमधली चरबी कमी होत जाते. ज्याला घरचे सुधारणा समजत होते ती उलटी खूण होती. त्यांना आम्ही दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीवर ठेवलं आणि पुढे त्यातच दोन सेंटिमीटरची एक गाठ लवकर सापडली, सुई घालून ती जाळता आली. ती स्टारची खूण कुणी बघितली नसती तर ही गाठ दुखायला लागल्यावर कळली असती आणि तेव्हा फार उशीर झालेला असता.

फिब-४ हा हिशोब तुम्ही घरी करू शकता, त्याला वेगळी टेस्ट लागत नाही. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट्स हजारात घ्यायच्या. तुमचं बघू, ४१ गुणिले ५२ म्हणजे २१३२. ६८ चं वर्गमूळ साधारण ८.२५, त्याला २१० ने गुणलं की १७३२ च्या आसपास. भागाकार १.२३. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर पुढच्या पायऱ्यांचा फायब्रोसिस असायची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त, आणि मधल्यांना पुढची तपासणी लागते. ६५ च्या वरच्यांसाठी खालची रेषा १.३ ऐवजी २ धरतात, आणि ३५ च्या आतल्यांमध्ये हा हिशोब तितकासा भरवशाचा नाही.

म्हणजे तुम्ही रेषेच्या खाली आहात, ही चांगली बातमी आहे. पण अगदी काठाला आहात, एचबीए१सी डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहे, आणि काकांची हकीकत आहे. कागदावरच्या नियमाप्रमाणे एक-दोन वर्षांनी हिशोब पुन्हा करा म्हटलं तरी चालेल, मी मात्र तुमच्यासारख्याला एकदा फायब्रोस्कॅन करून घ्यायला सांगते. दुखत नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आधी तीन तास काही खायचं नाही. तिथे "जाड व्यक्तींसाठीचा मोठा प्रोब आहे का" हे नक्की विचारा, कारण साध्या प्रोबने त्वचेखालच्या चरबीमुळे आकडा चुकीचा वाढलेला येऊ शकतो. ८ किलोपास्कलच्या खाली आला तर तूर्त निश्चिंत व्हा आणि वजनाच्या मागे लागा. ८ च्या वर आला तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा, घाबरून नाही, पण दाखवाच.

आता धोका कशाकशावर अवलंबून असतो ते. सगळ्यात वर मी डायबेटिस ठेवते. डायबेटिस असला की लिव्हरच्या कॅन्सरचा धोका साधारण दुपटीने वाढतो आणि फायब्रोसिसही भरभर चढतो, लठ्ठपणा आणि डायबेटिस एकाच घरात राहायला आले की दोघं एकमेकांना बळ देतात. पुरुषांना धोका बायकांपेक्षा दोन-तीन पट. वय वाढेल तसा वाढतो. काही जणांत पीएनपीएलए३ नावाच्या जीनचा एक प्रकार असतो, २००८ मध्ये सापडलेला, तो असेल तर तेवढ्याच वजनात लिव्हरमध्ये चरबीही जास्त साचते आणि पुढचं नुकसानही जास्त होतं. एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाचं लिव्हर बिघडतं आणि तितक्याच जाड दुसऱ्याचं ठणठणीत राहतं, त्यामागे अशीही कारणं असतात. आणि चरबी कुठे आहे हे फार महत्त्वाचं. आशियाई लोकांमध्ये कमी वजनातच पोटावर चरबी साचते म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआयच्या २३ आणि २७.५ या खालच्या रेषा सुचवल्या. त्यामुळे वजनकाट्याइतकीच मोजपट्टी महत्त्वाची धरा, पुरुषांमध्ये कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांमध्ये ८० च्या वर असेल तर काटा काहीही म्हणो, लिव्हरकडे लक्ष द्या.

दारूबद्दल मी स्पष्ट बोलते. नुसता लठ्ठपणा आणि नुसती दारू यांचे धोके वेगवेगळे मोजले तर जेवढे भरतात त्यापेक्षा दोन्ही एकत्र असताना नुकसान जास्त होतं. दारू स्वतः कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. तुमचे दोन-तीन पेग कुणाला किरकोळ वाटतील, पण ग्रेड २ फॅटी लिव्हर आणि वाढलेलं एसजीपीटी असताना मी पूर्ण बंद करायलाच सांगते. निदान फायब्रोस्कॅनचा आकडा हातात येईपर्यंत आणि वजन उतरेपर्यंत तरी एकही नको.

काकांबद्दल. "दारू न पिता लिव्हरचा कॅन्सर कसा" हा सल तुमच्या मनात आहे असं लिहिण्यावरून वाटतं. तुमच्या वर्णनावरून, वीस वर्षांचा डायबेटिस, दारू नाही, बहुतेक त्यांना फॅटी लिव्हरमधून आलेला सिऱ्हॉसिस असणार आणि तो कुणाच्या लक्षात आला नसणार. पूर्वी अशा पेशंटना कारण न सापडलेला सिऱ्हॉसिस म्हणायचे, चरबी तोवर नाहीशी झालेली असायची ना. फॅटी लिव्हर दारूशिवायही लिव्हर खराब करतं हे वैद्यकशास्त्रात ठळकपणे मांडलं गेलं तेच १९८० मध्ये. त्यामुळे घरच्यांचं काही चुकलं असं मनात धरू नका. पण फाइल न बघता मी एक शक्यता सोडणार नाही, ती म्हणजे हिपॅटायटिस बी. हा व्हायरस एकाच घरात पिढीतून पिढीत जातो, बहुतेक वेळा बाळंतपणात आईकडून मुलाला, आणि सिऱ्हॉसिस नसतानाही कॅन्सर करू शकतो. काकांना तो असेल तर तुमच्या वडिलांनाही असू शकतो. म्हणून एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची टेस्ट) आणि हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी या दोन साध्या टेस्ट आयुष्यात एकदा कराच. बी निगेटिव्ह असेल तर लस घ्या, सी निघालाच तर आता गोळ्यांनी काही आठवड्यांत बरा होतो.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, संबंध खरा, पण वजनापासून कॅन्सरपर्यंतचा रस्ता बहुतेकांमध्ये फायब्रोसिसमधून जातो, तुमचा फायब्रोसिस आत्ताच्या आकड्यांवरून कमी दिसतोय, तो फायब्रोस्कॅनने पक्का करायचा आणि हिपॅटायटिस बी-सी नाही याची खात्री करायची. आता वजन.

किती उतरवायचं? नॉर्मल बीएमआयपर्यंत जायला हवं असं समजून लोक सुरुवातच करत नाहीत, कारण ९६ चं ७० करायचं म्हणजे डोंगर वाटतो. लिव्हरला एवढं नको असतं. ५ टक्के उतरलं, म्हणजे तुमच्यासाठी पावणेपाच-पाच किलो, की लिव्हरमधली चरबी कमी होते. ७ टक्के म्हणजे साडेसहा-सात किलो उतरलं की सूज कमी व्हायला लागते. १० टक्के म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास उतरलं की तंतूही मागे हटू शकतात. क्यूबामधला २०१५ चा एक अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात सुरुवातीला आणि ५२ आठवड्यांनी अशा दोन बायोप्सी करून प्रत्यक्ष बघितलं. १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी ९० टक्के लोकांची लिव्हरची सूज गेली आणि ४५ टक्के लोकांचा फायब्रोसिस कमी झाला. तेही फक्त खाणं आणि व्यायाम बदलून. मात्र १० टक्क्यांपर्यंत पोचले किती, तर शंभरात जेमतेम दहाजण. म्हणून जमलं नाही तर स्वतःला दोष देत बसू नका, हे अवघड आहे आणि मदत घेण्यात काही कमीपणा नाही. तुम्ही ८६ किलोवर आलात तरी तक्त्यात "ओव्हरवेट"च राहाल, पण तुमचं लिव्हर तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी बरं असेल.

घाई करू नका. आठवड्याला अर्धा ते एक किलो ठीक. उपाशी राहून धडाधड वजन उतरवणाऱ्यांमध्ये पित्ताशयात खडे होतात, स्नायू झिजतात आणि कधी कधी लिव्हरची सूज उलट वाढते. गोड पेयं आधी बंद करा, त्यातल्या फ्रुक्टोजची चरबी थेट लिव्हरमध्येच बनते. व्यायामाचा फायदा काटा हलला नाही तरी होतो, लिव्हरमधली चरबी कमी होते, म्हणून "महिनाभर चाललो, एक किलो पण नाही गेलं" असं म्हणून सोडू नका. चालण्यासोबत आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायामही ठेवा. साखर न घातलेली कॉफी आवडत असेल तर खुशाल प्या, नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो हे अनेक देशांत दिसलंय.

औषधांचं विचाराल म्हणून सांगते. फॅटी लिव्हरमधली सूज आणि मधल्या पायऱ्यांचा फायब्रोसिस यासाठी अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मंजुरी मिळाली. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत जवळपास ६३ टक्के लोकांची सूज गेली, नुसत्या खोट्या इंजेक्शनवर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के होतं. या चाचण्यांत सूज आणि तंतू मोजले, कॅन्सर नाही, त्यामुळे "इंजेक्शन घ्या आणि कॅन्सर टाळा" असं कुणी सांगत असेल तर ते पुराव्याच्या पुढे जाऊन बोलणं आहे. वजन उतरवण्याच्या ऑपरेशनचा पुरावा जास्त वर्षांचा आहे, २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात लिव्हरला सूज असलेल्या लठ्ठ पेशंटमध्ये दहा वर्षांत सिऱ्हॉसिस, कॅन्सर, ट्रान्सप्लांट किंवा लिव्हरमुळे मृत्यू यातलं काहीतरी होण्याचं प्रमाण ऑपरेशन केलेल्यांत २.३ टक्के आणि न केलेल्यांत ९.६ टक्के होतं. पण हे जास्त बीएमआयवाल्यांसाठी आहे, तुमच्या आत्ताच्या आकड्यांवर मी ऑपरेशनचा विषय काढणार नाही.

वजन उतरवलं की धोका शून्य होतो का, तर नाही. शून्य धोका नॉर्मल वजनाच्या माणसालाही नसतो. कमी होतो, आणि फायब्रोसिस वाढायच्या आधी उतरवलं तर चांगलाच कमी होतो. ज्यांचा सिऱ्हॉसिस झालेलाच आहे त्यांनी वीस किलो उतरवले तरी सहा महिन्यांची तपासणी सोडायची नसते, हे मी मुद्दाम लिहितेय कारण वाचणाऱ्यांत असं कुणी असू शकेल. सहाच महिने का, तर लिव्हरची गाठ दुप्पट व्हायला बऱ्याचदा चार-सहा महिने लागतात, त्या अंतराने बघितलं तर ती लहान असताना सापडते आणि जाळणं, कापणं, ट्रान्सप्लांट असे बरे करणारे उपाय हातात राहतात. ट्रान्सप्लांटसाठी १९९६ पासून जी मर्यादा जगभर वापरतात ती एक गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी ३ सेंटिमीटरच्या आत, अशी आहे. उशिरा सापडलेली गाठ त्यात बसत नाही. आणि खूप जाड पेशंटमध्ये सोनोग्राफीचा आवाज खोलवर पोचत नाही, लिव्हरचा मागचा भाग पडद्यावर नुसता काळा दिसतो, अशा वेळी रिपोर्टवर "नीट दिसलं नाही" असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य दुर्लक्षू नका, एमआरआयबद्दल विचारा.

तुम्हाला स्वतःला आत्ता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी नकोय, सीटी नकोय आणि पॅकेजमध्ये मिळणारी एएफपी ही कॅन्सरची टेस्ट तर नकोच. सिऱ्हॉसिस नसलेल्या माणसात ती थोडी वाढलेली आली तर बहुतेक वेळा कॅन्सर नसतोच, पण पुढचे दोन महिने तुमची झोप मात्र उडते. तसंच लिव्हर साफ करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल लांब ठेवा, अशा गोष्टींनी लिव्हर फेल झालेले पेशंट मी बघितलेत.

तर सध्या फायब्रोस्कॅन, एचबीएसएजी, हिपॅटायटिस सी, दारू बंद, आणि सहा महिन्यांत पाच किलो. सहा महिन्यांनी एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट्स आणि एचबीए१सी पुन्हा करून फिब-४ चा हिशोब परत मांडा. आणि काकांना मुलं असतील तर त्यांनाही हे कळवा, त्यांचा धोका तुमच्यापेक्षा जवळचा आहे. विशेषतः कुणाला डायबेटिस असेल तर सोनोग्राफीची ग्रेड बाजूला ठेवून आधी जुन्या हिमोग्रामवरच्या प्लेटलेट्स बघायला सांगा.